ब्रिस्टलचा दाता

एव्हन नदीकांठचें ब्रिस्टल हें इंग्लंडांतील जुनें बंदर. येथील एडवर्ड कोल्स्टन (१६३६–१७२१) यानें शाळा काढल्या, निराधार वृद्धांसाठीं आश्रयगृहें बांधलीं. म्हणून १८९५ सालीं नगरांत त्याचा ब्राँझचा पुतळा उभारण्यांत आला. पायथ्याच्या लेखांत त्यास सदाचारी व सुज्ञ म्हटलें होतें. परंतु १६८० पासून हा गृहस्थ रॉयल आफ्रिकन कंपनीचा सभासद होता. त्याच्या सहभागाच्या काळांत कंपनीनें सुमारें ८४,००० आफ्रिकन स्त्री-पुरुष-मुलें गुलाम म्हणून जहाजांत कोंबलीं. त्यांपैकीं सुमारें १९,००० वाटेंतच मेलीं. त्यांविषयीं त्या लेखांत अक्षर नव्हतें.

७ जून २०२० रोजीं जमावानें पुतळा पाडून बंदराच्या पाण्यांत लोटला. एम शेड संग्रहालयांत तो अंगावरील रंगाच्या डागांसह आडवा ठेवलेला आम्हीं पाहिला.

कोणी म्हणेल, त्या शाळांत शिकलेल्या मुलांचा काय दोष? दोष कांहींच नाहीं, आणि विद्याही खोटी ठरत नाहीं. परंतु दानाचें पुण्य सांगण्यापूर्वीं धन न्यायानें मिळविलें काय, हें आपलें धर्मशास्त्र विचारतें. दात्याचें नांव कोरावयाचें, तर ज्यांच्या दुःखांतून त्या धनाचा अंश आला त्यांचीही नोंद त्याच दगडावर हवी, असें आम्हांस वाटतें.