पाव तासाचे अडीचशे शब्द

लेखक कसा लिहितो, याविषयी आपणा सर्वांच्या मनात एक ठरलेले चित्र असते. रात्रीचे दोन वाजलेले आहेत, खिडकीबाहेर पाऊस पडतो आहे, टेबलावरचा चहा केव्हाच निवून गेला आहे आणि विस्कटलेल्या केसांचा लेखक भारावल्यासारखा झरझर लिहीत सुटला आहे! गेले दोन महिने त्याने कागदाला हात लावलेला नसतो. आज मात्र स्फूर्ती आलेली असते. हे चित्र मोठे मोहक आहे, आणि खरे सांगायचे तर सोयीचेही आहे. लिहिणे झाले नाही, तर दोष स्फूर्तीचा, आपला थोडाच?

मी मराठीचा प्राध्यापक. काव्याची कारणे शिकवताना मम्मटाने सांगितलेल्या तीन गोष्टी मी दरवर्षी फळ्यावर लिहितो : शक्ती, निपुणता आणि अभ्यास. ‘शक्ती’ म्हटले की मुलांचे डोळे चमकतात, ‘निपुणता’ ते निमूटपणे वहीत उतरवून घेतात आणि ‘अभ्यासा’शी येईपर्यंत मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात. अशा वेळी मी संस्कृत साहित्यशास्त्र बाजूला ठेवतो आणि इंग्लंडातल्या एका टपालखात्यातल्या माणसाची गोष्ट सांगतो.

या गृहस्थाचे नाव अँथनी ट्रॉलप. जन्म १८१५ चा. एकोणिसाव्या वर्षी, १८३४ साली, तो लंडनच्या टपालखात्यात कारकून म्हणून चिकटला आणि तेहतीस वर्षे त्याने तिथे नोकरी केली. इंग्रजांच्या रस्त्यांवरच्या टपालपेट्यांचा उगम शोधू गेलो, तर १८५२ साली चॅनेल बेटांवर त्याच्या शिफारशीवरून बसवलेल्या पेट्यांपाशी आपण येऊन पोहोचतो. पण त्याच माणसाने सत्तेचाळीस कादंबऱ्याही लिहिल्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा सकाळच्या न्याहारीपूर्वी!

पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसलेला असे. त्याला उठवून कॉफी आणून देण्यासाठी एक म्हातारा मोतद्दार होता, आणि त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात जाई. मग समोर घड्याळ ठेवून लेखन सुरू. पाव तासाला अडीचशे शब्द झालेच पाहिजेत, असा त्याचा स्वतःशी करार होता. कादंबरी सुरू करतानाच तो एक रोजनिशी आखी आणि रोज किती पाने झाली ते तीत मांडी. एखादा दिवस आळसात गेला, तर तो कोरा रकाना त्याच्याकडे डोळे वटारून पाही. सरासरी आठवड्याला चाळीस पाने. एखाद्या आठवड्यात वीस, तर एखाद्यात एकशेबारासुद्धा. १८५८ साली टपालखात्याच्या कामासाठी इजिप्तमध्ये असताना त्याने ‘डॉक्टर थॉर्न’ संपवली आणि दुसऱ्याच दिवशी पुढची कादंबरी सुरू केली!

लिहिण्याला जशी शिस्त, तशीच छापण्यालाही. पहिल्या कादंबरीने त्याला एक शिलिंगही मिळवून दिला नाही. पुढे ‘द वॉर्डन’चा पहिला हिशेब आला, तो अवघा ९ पौंड ८ शिलिंग ८ पेन्स! नफ्यातला अर्धा वाटा लेखकाला, असा तेव्हा एक रिवाज होता. पण नफाच झाला नाही, तर त्याचा अर्धा तरी कोठून येणार? ट्रॉलपने हे नीट ओळखले आणि पुढे एकरकमी मोबदल्यावर भर दिला. ‘डॉक्टर थॉर्न’साठी एका प्रकाशकाने आधी चारशे पौंड कबूल केले आणि नंतर तीनशेवर आला, तेव्हा हा तडक दुसऱ्या प्रकाशकाकडे गेला आणि चारशे घेऊन आला.

कादंबरी मासिकातून क्रमशः छापायची, तर ती आधी पुरी लिहून झालेली असली पाहिजे, हा त्याचा आणखी एक नियम. थॅकरेच्या संपादकत्वाखाली ‘कॉर्नहिल मॅगझिन’ निघाले, तेव्हा १८६० च्या पहिल्या अंकापासून त्याची ‘फ्रॅमली पार्सनेज’ सुरू झाली. मोबदला एक हजार पौंड! तेवढ्यासाठी त्याने नियम मोडला. पण नियम मोडला हे तो विसरला नाही.

त्याचा एक प्रयोग तर मला फारच आवडतो. नाव झाल्यावर त्याच्या मनात शंका आली, की लोक आपले लिखाण वाचतात की नुसते नाव वाचतात? म्हणून त्याने ‘नीना बालाट्का’ ही प्राग शहरातली कथा १८६६ साली ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मधून निनावी छापली आणि पाठोपाठ ‘लिंडा ट्रेसल’ही तशीच. एका चाणाक्ष टीकाकाराने लिहिण्याची ढब ओळखून लेखक कोण ते सांगून टाकले. पण पुस्तके काही खपली नाहीत. नावाची किंमत किती, हे स्वतःच्या खिशाला चाट लावून तपासणारे लेखक किती सापडतील?

या साऱ्याचा त्याला शेवटी भुर्दंड पडला. १८८२ साली तो वारला आणि दुसऱ्या वर्षी त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात त्याने पुस्तकवार मिळकतीचा तक्ताच दिला होता. एकूण बेरीज ६८,९३९ पौंड १७ शिलिंग ५ पेन्स! लेखकाला त्याने खुशाल चांभाराच्या पंक्तीला बसवले होते. रसिकांना हे कसे रुचावे? जो पाच पेन्ससुद्धा मांडून ठेवतो, तो कसला कलावंत, असे वाटून पुष्कळांनी नाके मुरडली.

मला मात्र त्याच आत्मचरित्रातली दुसरी हकिकत आठवते. मिसेस प्राउडी ही त्याची बिशपची कजाग बायको. एकदा क्लबात दोन पाद्री तिच्याविषयी कुरकुरताना त्याने ऐकले आणि आठवड्याच्या आत तिला मारून टाकतो, असे त्यांना तिथल्या तिथे सांगून तो उठला. त्याने तिला मारलेही. पण पुढे वर्षानुवर्षे तिच्या आठवणीने तो हळहळत राहिला. घड्याळ हाताला लावायचे असते, मनाला नव्हे, हे त्याला पक्के ठाऊक होते!

ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो आणि मुले हसतात. गेल्या वर्षी मात्र सायंकाळच्या वर्गातली एक मुलगी तास संपल्यावर थांबली. दिवसा विमा कंपनीच्या कचेरीत काम करणारी, वडील अंथरुणाला खिळलेले, धाकट्या भावाचे शिक्षण तिच्याच पगारावर चाललेले. तिच्या दोन कथा मी वाचल्या होत्या, चांगल्या होत्या. तिने विचारले, “सर, नोकरी सोडल्याशिवाय खरं लिखाण होतं का हो? मी राजीनामा लिहून ठेवलाय.”

मी म्हणालो, “ट्रॉलपने नोकरी सोडली ती १८६७ साली. तोवर बार्सेटशायरच्या त्याच्या सहाही कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पण सर, त्याला पहाटे कॉफी आणून देणारा माणूस होता. आमच्या घरी पहाटे साडेपाचला चहा करणारी मीच.”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. इतकी वर्षे तो मोतद्दार मी गंमत म्हणून सांगत आलो. तो नसता तर काय, हे मला वर्गात कोणी विचारले नव्हते. खुद्द ट्रॉलपने मात्र लिहून ठेवले आहे, की आपल्या यशाबद्दल कदाचित इतर कोणापेक्षाही आपण त्या म्हाताऱ्याचेच अधिक ऋणी असू. मी तिला एवढेच सांगितले, की हा गृहस्थ आगगाडीतही मांडीवर पाटी घेऊन पेन्सिलीने लिहीत असे, आणि मागाहून त्याची बायको ते कागद शाईने उतरवून काढी.

“बायको तर मला मिळणार नाही,” ती हसून म्हणाली, “पण आमची गाडी बदलापूरहूनच सुटते. बसायला जागा मिळते.”

राजीनामा तिने दिला नाही. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी तिने एक दोनशे पानी वही माझ्या हातात ठेवली. अक्षर काही ठिकाणी सरळ आहे, तर काही ठिकाणी रूळ बदलताना एकदम हेलकावा खाऊन ओळीखाली उतरले आहे. प्रत्येक पानाच्या समासात तारीख आहे, आणि तिच्याखाली त्या दिवशीच्या शब्दांचा आकडा. पाव तासाला अडीचशे काही तिला जमलेले नाहीत. एके दिवशी अकराच शब्द आहेत, आणि त्यापुढे कंसात लिहिले आहे : ‘जागा मिळाली नाही.’