मोप्याचा पाऊस, बॉस्टनचा बर्फ

मोप्याला बर्फ पडत नाही. एवढं सांगायला इंजिनिअर कशाला हवा, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या घरी दर डिसेंबरात या विषयावर चर्चासत्र भरतं. माझी लेक इथेच जन्मली, इथेच वाढते आहे. तिच्या हिशेबी हिवाळा म्हणजे बर्फ. आजीच्या गावी बर्फच नसेल तर तिथल्या मुलांना अचानक शाळेला सुट्टी मिळते कशी, ही तिची खरी काळजी. "पावसामुळे," असं सांगितलं की ती माझ्याकडे संशयाने पाहते. तिच्या लेखी पाऊस म्हणजे छत्री घेऊन गाडीपर्यंत जायचं प्रकरण. तिला आणि तिच्या वयाच्या मंडळातल्या सगळ्या मुलांना एकदा नीट समजावून सांगावं, म्हणून हा लेख.

गोव्याच्या अगदी उत्तरेला पेडणे तालुका. त्याला लागून पलीकडे महाराष्ट्राचा सिंधुदुर्ग जिल्हा. त्या हद्दीजवळ मोपा. हल्ली मोपा म्हटलं की लोकांना विमानतळ आठवतो. 11 डिसेंबर 2022 ला त्याचं उद्घाटन झालं आणि 5 जानेवारी 2023 पासून विमानं सुरू झाली. तो बांधला आहे सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उंच, सपाट पठार. मे महिन्यात तो तव्यासारखा तापतो, अनवाणी पाय टेकवत नाही. जूनचे दोन पाऊस झाले की तोच सडा हिरवागार. दगडाच्या खळग्यांत पाणी साचतं, त्याच्या कडेने नखाएवढी फुलं येतात. माझ्या लहानपणी आम्ही पोरं पावसात गुरांच्या मागे नाहीतर अळमी शोधायला वर जायचो. अळमी म्हणजे पावसात उगवणाऱ्या रानातल्या भूछत्र्या. त्या कुठे सापडल्या हे सख्ख्या भावालाही सांगायचं नसतं.

पाऊस यायच्या आधी घरोघरी पुरुमेंत चालायचं. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, काम आपलं जुनंच: चार महिन्यांची बेगमी. सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं, चिंच, कांद्याच्या माळा, पावट्या-कुळथांचे डबे आणि न्हाणीघराच्या बाजूला छपराला टेकेल इतका जळाऊ लाकडांचा ढीग. एकदा पाऊस लागला की आठ-आठ दिवस बाजाराला जाणं होत नसे. व्हाळ भरला की पलीकडची वाडी पलीकडेच राहायची. शाळेतले निम्मे विद्यार्थी आणि एखादे गुरुजीही त्या पलीकडच्या वाडीत असायचे, त्यामुळे सुट्टी आपोआप जाहीर व्हायची.

फर्मागुढीहून बीई होऊन, दोन वर्षं नोकरी करून मी 2014 च्या शरदात कंपनीच्या कामासाठी बॉस्टनला आलो, तो हे सगळं पाठीशी घेऊन. जानेवारी 2015 च्या शेवटच्या आठवड्यात वादळाचा इशारा आला आणि मी दुकानात गेलो, तर दूध नाही, ब्रेड नाही, अंडी नाहीत. इथले लोक विनोद करतात की वादळ आलं की अख्खं शहर फ्रेंच टोस्ट करायला बसतं. मला मात्र एकदम घरी आल्यासारखं वाटलं. अरे, हे तर पुरुमेंत! फक्त सुकी मासळी तेवढी नाही. ती माझ्या बॅगेत होती. त्यावर घरातल्या पुणेकराचं मत काय होतं, ते छापण्यासारखं नाही.

आम्ही चौघे एका घरात राहायचो: पुण्याचा एक, सांगलीचा एक, नागपूरचा एक आणि पेडण्याचा मी. चौघांनी मिळून आयुष्यात बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावर. 26 जानेवारीच्या संध्याकाळी तो पडू लागला. आमच्याकडचा पाऊस येताना वाजत-गाजत येतो. आधी सड्यावरून आवाज येतो, मग माडांवर, मग कौलांवर, आणि आई ओरडते, "कपडे काढा रे!" बर्फाला आवाजच नाही. ताजा बर्फ आजूबाजूचेही आवाज शोषून घेतो. त्या रात्री रस्ता इतका गप्प होता की मला झोप येईना. सकाळी दार उघडलं तर दाराबाहेर दुसरं पांढरं दार. त्या एका वादळात बॉस्टनच्या विमानतळावर 24.6 इंच बर्फ मोजला गेला.

आता गाडी काढायची. चौघांत मिळून एक जुनी गाडी होती. सांगलीकराने घरच्या शेतात पाण्याच्या पाळ्या दिलेल्या, त्यामुळे फावडं हातात घ्यायचा मान त्याचा. दीड तास खपून त्याने गाडी अशी स्वच्छ मोकळी केली की काय सांगावं! टायरांच्या भोवतीसुद्धा बर्फाचा कण नाही. किल्ली लावायला गेलो तेव्हा कळलं, ती आमची गाडी नव्हतीच. आमची शेजारच्या ढिगाखाली होती. बर्फाखाली सगळ्या गाड्या सारख्याच, हा पहिला धडा. त्या गाडीची मालकीण संध्याकाळी घरी केलेल्या कुकीजचा डबा घेऊन आली. सांगलीकराने तो डबा अगदी सहज, "हे काय, शेजारधर्म आहे," अशा चेहऱ्याने घेतला.

दुसरा धडा जागेचा. बॉस्टनमध्ये जुना रिवाज आहे. रस्त्याकडेची जागा उपसून तुम्ही गाडी काढलीत की तिथे मोडकी खुर्ची, बादली, इस्त्रीचं टेबल, काहीही ठेवायचं. म्हणजे ती जागा तुमची. बर्फाची आणीबाणी उठल्यावर 48 तासांपर्यंत शहरही याकडे काणाडोळा करतं. आपल्याला हे शिकवायला नको. कदंबाच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत मोठी झालेली माणसं आपण! आमच्या गल्लीतल्या एका मराठी काकूंनी सत्यनारायणाचा जुना चौरंग ठेवला होता. वारा लागून हलू नये म्हणून त्यावर तांब्याचा कलश, आणि कलश थंडीने काळवंडू नये म्हणून त्याला लाल कापड. अख्ख्या गल्लीतल्या खुर्च्या चोरीला गेल्या. चौरंगाला कोणी हात लावला नाही. दोघं-तिघं तर जाताना टोपी काढून गेले, असं काकू सांगतात.

आम्हाला वाटलं, झालं, संपला बर्फ. तो तर नारळ फोडल्यासारखा नुसता मुहूर्त होता. एकट्या फेब्रुवारीत 64.8 इंच पडला. 10 फेब्रुवारीला शहरातल्या लोकलगाड्या दिवसभर बंद राहिल्या. लोक घराच्या खिडक्यांतून बर्फात उड्या मारून त्याचे व्हिडिओ टाकू लागले, तेव्हा मेयर मार्टी वॉल्श यांना जाहीरपणे सांगावं लागलं की बाबांनो, हे थांबवा. अखेर 15 मार्चला 1995-96 चा 107.6 इंचांचा विक्रम मोडला आणि हंगामाची बेरीज शेवटी 110.6 इंच झाली. इतकं सोसल्यावर विक्रम तरी पदरात पडला, याचा शहराला खरोखर आनंद झाला.

गाड्या बंद पडल्याचं मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला नवल वाटलं नाही. पाणी कुठल्याही रूपात आलं तरी गाड्या बंद पडतातच, असं तिचं म्हणणं. ते खरंच आहे. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि कोकण रेल्वेच्या गाड्या अडकल्या, काही रद्द झाल्या, काही लांबच्या वाटेने वळवल्या.

इंजिनिअर असल्यामुळे मी एक हिशेबही केला. ढोबळमानाने दहा इंच बर्फ वितळला की एक इंच पाणी होतं, आणि बर्फ भुसभुशीत असेल तर त्याहूनही कमी. म्हणजे बॉस्टनच्या त्या विक्रमी हंगामाचा सगळा बर्फ वितळवला तर साधारण अकरा इंच, म्हणजे 280 मिलिमीटर पाणी. हवामान खातं एका दिवसात 115.6 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्याला 'अति जोरदार' म्हणतं. असे दोन-तीन दिवस सलग आले की मोप्याच्या सड्याने अख्ख्या बॉस्टनचा हिवाळा झेलला म्हणून समजा! हा हिशेब मी आईला ऐकवला. ती म्हणाली, "ते राहू दे. तुझ्या शेजारी कोण राहतं?"

मला सांगता आलं नाही. पाच महिने मी त्या घरात राहत होतो आणि खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, एवढंच माहीत होतं. आमच्याकडे पहिल्या मोठ्या पावसात माणूस आधी स्वतःच्या घराची कौलं बघतो आणि लगेच शेजारच्यांची. तेव्हा आईचा हुकूम झाला: आत्ता खाली जा आणि विचार. मी थर्मासमध्ये चहा घेऊन गेलो. आजींच्या घरात दूध, ब्रेड, अंडी, सगळं होतं. नव्हतं ते बोलायला माणूस. त्यांनी मला दोन तास 1978 ची गोष्ट सांगितली. 6 आणि 7 फेब्रुवारीला 27.1 इंच बर्फ पडला होता, 128 नंबरच्या रस्त्यावर तीन हजारांवर गाड्या अडकल्या होत्या आणि लोक गाड्या तिथेच टाकून चालत निघाले होते.

पुढच्या संक्रांतीला मंडळात ही गोष्ट निघाली, तर एक काका म्हणाले, "अरे, त्या चालणाऱ्यांत मी होतो!" तेव्हा ते नुकतेच आलेले, पायात साधे बूट. वाटेत एका अनोळखी घराने त्यांना आत घेतलं. दोन दिवस ते तिथे राहिले. तिसऱ्या दिवशी घरातलं सगळं संपत आलं, तेव्हा त्यांनी डब्याच्या तळाशी सापडलेल्या तांदळाची खिचडी केली. हळद नव्हती, मोहरी नव्हती. "माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट खिचडी," काका म्हणाले, "आणि त्या बाईंनी मरेपर्यंत दर ख्रिसमसला तिचं नाव काढलं." काकांची नातवंडं शेजारीच बसली होती. त्यांनी ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली.

याच्या मागे माझ्याही मनात एक गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वीच्या एका जुलैत आई घरी एकटी होती. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. तीन दिवस पाऊस खळला नव्हता, वीज नव्हती, फोन मुका. मी इथून लावून लावून थकलो. दोन दिवसांनी आवाज आला तेव्हा समजलं, पहिल्याच रात्री तिला सणसणून ताप भरला होता. शेजारच्या वहिनींना तिच्या न्हाणीघरातून धूर दिसला नाही. रोज सांजेला तिथे पाण्याखाली जाळ असतो, आज नाही, म्हणजे काहीतरी बिनसलं आहे. एवढ्यावरून त्या विजेरी घेऊन गुडघाभर पाण्यातून आल्या, रात्रभर बसल्या, पहाटे त्यांच्या मुलाने डॉक्टर आणला. मी नकाशावर ढगांची हालचाल दर तासाला बघत होतो. त्यांनी धूर बघितला.

त्या हिवाळ्याचं शेवटचं टोक सांगतो. बॉस्टनने उपसलेला बर्फ बंदराजवळ एका मैदानात नेऊन टाकला होता. त्याचा एवढा डोंगर झाला की तो केव्हा वितळेल यावर लोक अंदाज बांधू लागले. हळूहळू काळा पडत, आतला कचरा दाखवत तो 14 जुलै 2015 पर्यंत टिकला. आपल्या पंचांगात तेव्हा अधिक आषाढ चालू होता. म्हणजे इकडे हिवाळ्याचा शेवटचा बर्फ वितळत होता, तेव्हा मोप्याच्या सड्यावर पावसाचे दिवस होते. मला ते फार आवडलं. पाणी एकच. एका टोकाला ते गप्प येतं, दुसऱ्या टोकाला बोंब मारत.

आता सड्याचा मोठा भाग धावपट्टीखाली गेला. आम्ही मोप्याला उतरतो ते पूर्वी जिथे गुरं चरायची तिथेच. अळम्यांच्या जागांपैकी काही उरल्या आहेत, कुठे ते अर्थात सांगणार नाही. वहिनींच्या घराच्या ओसरीवरून आईचं न्हाणीघर मात्र अजून दिसतं. हल्ली तिथे गॅस आला, धूर येत नाही. त्यावर दोघींनी परस्पर तोड काढली आहे: सांजेला आई मागच्या दाराचा दिवा लावते. सात वाजेपर्यंत तो लागला नाही तर वहिनी येतात.

तेव्हा मुलांनो, यंदा पहिल्या मोठ्या बर्फाचा इशारा आला की आईबाबांबरोबर दूध-ब्रेड आणायला जरूर जा. येताना खालच्या मजल्यावरच्या, समोरच्या, कोपऱ्यावरच्या दारावर टकटक करा आणि तिथे कोण राहतं ते नावासकट माहीत करून घ्या. मंडळातल्या काकांना, आजींना त्यांच्या बर्फाची गोष्ट विचारा आणि लिहून काढा. चौरंग असेल तर तोही हाताशी ठेवा.