पिशवी काढली, पण कागद कुठाय?

‘आमची पिशवी कवाच काढली, आता कसला कॅन्सर न कसली तपासणी!’ बीडच्या ऊसतोड वस्त्यांवर आम्ही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल बोलायला लागलो की साठीतल्या आयाबाया हेच म्हणतात. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. गर्भाशय मुखासकट काढलं असेल आणि कॅन्सर किंवा त्याआधीचे गंभीर बदल कधी सापडले नसतील, तर या तपासणीची गरज उरत नाही. पण मुख मागे ठेवलं असेल तर ती सुटत नाही. तसे बदल आधी सापडले असतील, तर मुख काढल्यावरही कित्येक वर्षं लक्ष ठेवावं लागतं. सगळं येऊन ठेपतं डिस्चार्ज कार्डावर आणि काढलेल्या पिशवीच्या लॅब रिपोर्टवर.

नेमका तोच कागद आमच्या बायांकडे नाही. २०१९ साली बीडमध्ये ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. खाडा झाला की दंड, डोक्यावर मुकादमाची उचल. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलं, तर ‘कॅन्सर होईल’ ही भीती घातली, असं कितीतरी जणींनी सांगितलंय. ज्या कॅन्सरची भीती घातली, त्याची तपासणी किती जणींची केली होती? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेब प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलले, ते हेच की बाईच्या श्रमाचा नफा घेणाऱ्याने तिचा भारही उचलावा. साखर कारखान्यांना हा प्रश्न कोण विचारतं?

आणखी एक. पाळी गेल्यावर मुखाचा तपासायचा भाग आत सरकतो, त्यामुळे ॲसिटिक ॲसिड लावून नुसतं बघण्याची तपासणी उतारवयात तितकी भरवशाची राहत नाही. तिथे एचपीव्ही तपासणी उपयोगी. तिच्याने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये जगाला दाखवलं ते शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बायांनी, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या अभ्यासात. आम्ही फिरतो त्या आरोग्य केंद्रांवर ती तपासणी आजही नाही.

अशोक विजयादशमीनंतर टोळ्या निघतील. त्याआधी आपल्या आई-मावशीला दोनच गोष्टी विचारा: मुख काढलंय का, रिपोर्ट काय आला? भरती रुग्णाच्या नोंदी दवाखान्याने तीन वर्षं ठेवायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत प्रत द्यायची, असा नियम आहे. ऑपरेशन जुनं असेल, कागद गेला असेल, तर सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. मुख आहे की नाही ते तपासल्यावर कळतं. आणि पाळी गेल्यावर किंवा पिशवी काढल्यावर रक्त दिसलं, तर वय कितीही असो, टोळी थांबेल. तिला आधी दवाखान्यात न्या.