बंडीच्या खिशातले रिव्हॉल्व्हर

बँकेतल्या कारकुनाला कुठलाही फॉर्म भरता येतो, असा आमच्या नातेवाइकांचा ठाम समज आहे. पासपोर्ट असो, गॅसचे कनेक्शन असो, की वधू-वर सूचक मंडळातले नाव असो, कागद शेवटी माझ्यापुढेच येतो. पण ''रिव्हॉल्व्हर घ्यायचंय, तेवढा फॉर्म भरून दे,'' असे सांगणारे माझे मामाच पहिले.

मामा एस.टी.तून निवृत्त झाले आणि हिवरे बाजारला, गावापासून जरा बाजूला, शेतातल्या वस्तीवर राहायला गेले. मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला. वस्तीवर मामा, मामी आणि एक गाय. शेजारच्या एका गावात चोरी झाल्याची बातमी आली आणि मामांची झोप उडाली. रात्री पत्रा वाजला की ते उठून बसत. ''मांजर असंल,'' मामी म्हणायच्या. ''मांजर पत्र्यावर एवढं जड चालतं व्हय?'' मामा विचारायचे. थट्टेचा भाग सोडा, पण साठी उलटलेली दोन माणसे रात्रभर पत्र्याकडे कान लावून बसतात, ही काही हसण्याची गोष्ट नव्हे.

हत्यारांशी माझा संबंध एवढाच, की आमच्या शाखेच्या दाराशी गार्ड बारा बोअरची दुनळी घेऊन बसतो. गेल्या कित्येक वर्षांत त्या बंदुकीतून काही सुटलेले मी पाहिले नाही. सुटला तो गार्डच, दर शनिवारी वेळेआधी.

मामांची अट एकच, ''बंडीच्या खिशात मावलं पायजे. कुणाला दिसता कामा नये.'' मी चौकशीला लागलो आणि कळले, की आपल्या देशात हत्यार निवडणे हे मुलगी पाहण्यापेक्षा सोपे आहे, कारण स्थळेच मोजकी. सिनेमात दिसते ते नऊ एमएमचे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. ते निषिद्ध बोअर. उरते मुख्यतः पॉइंट ३२. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली खास स्त्रियांसाठी 'निर्भीक' काढले. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. पुढे 'निडर' आले, पॉइंट २२चे, वजन अवघे २५० ग्रॅम. २०२३ साली 'प्रबळ' आले, ५० मीटरपर्यंत मारा करणारे, वजन पाऊण किलोच्या आसपास.

मामांनी ही नावे वहीत उतरवून घेतली. मग वाण्याकडून पावशेर चहा आणि अर्धा किलो साखर आणवली आणि पुड्या आळीपाळीने बंडीच्या खिशात घालून अंगणात चालून पाहिले. चहा जमला. साखरेने बंडी एका बाजूला अशी ओढली गेली, की मामा उजवीकडे कललेल्या बैलगाडीसारखे दिसू लागले. ''पण निडरची गोळी बारकी,'' मामा म्हणाले. ''चोराला लागली तर तो खाजवील नुसता.''

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, यावरही काथ्याकूट झाला. पिस्तूल चपटे असते, त्यामुळे लपायला बरे; पण त्यात काडतूस अडकले तर ते मोकळे करायचे तंत्र यावे लागते. रिव्हॉल्व्हर पोटाने जाड. मात्र एक गोळी फुसकी निघाली तर घोडा पुन्हा ओढावा, चक्र फिरून पुढची हजर. एस.टी.तल्या माणसाला हे लगेच पटले. ''म्हणजे पहिली गाडी फेल, तर दुसरी लावली,'' ते म्हणाले.

आता, लपवायचे कोणापासून, हाही प्रश्न होताच. हिवरे बाजार हे असे गाव आहे, की पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचासुद्धा ताळेबंद मांडतात: पाऊस किती झाला, प्यायला किती, गुरांना किती आणि उरलेल्यात पीक कोणते. जिथे पाणी लपत नाही, तिथे मामांचा खिसा लपणार? शिवाय गावात कुऱ्हाडबंदी. शेतीसाठी बोअर घ्यायलासुद्धा बंदी, आणि मामा पॉइंट ३२ बोअर आणायला निघालेले! एके काळी याच गावात दारूचे गुत्ते होते, मारामाऱ्या होत्या. १९८९नंतर पोपटराव पवार सरपंच झाले आणि चित्र पालटले. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. ते एम.कॉम., मी बी.कॉम. त्यांनी गाव बदलले, मी फॉर्म भरतो. एका अक्षराने माणूस कुठल्या कुठे जातो!

नियमही मी मामांना वाचून दाखवले. परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून, तोही पोलिसांच्या अहवालानंतर. हत्यार सुरक्षितपणे हाताळायचे प्रशिक्षण घ्यावे लागते. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षे झाली. निवडणुकीची आचारसंहिता लागली, की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या निवडणुका मोजल्यावर मामा म्हणाले, ''मंग ते माझ्याकडं राहणार कवा?''

घरी असले तरी ते कुलपात हवे, काडतुसे वेगळी. म्हणजे चोर आला, की मामांनी आधी चष्मा शोधायचा, मग मामींना उठवून किल्ली मागायची, कपाट उघडायचे, काडतुसे काढायची, भरायची. तोवर चोराला 'बसा, चहा टाकतो' म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. आणि एवढे करून गोळी झाडलीच, तर ती स्वसंरक्षणापुरतीच होती, गरजेपेक्षा जास्त इजा केली नाही, हे कोर्टात पटवायचे. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणाऱ्याला कायदा सहसा जवळ करत नाही.

तरी मामा मागे हटेनात. मी फॉर्म पुढे ओढला. नाव झाले, वय झाले. शस्त्र कशासाठी पाहिजे, या रकान्यापाशी आलो. ''मामा, धोका कोणापासून म्हणून लिहू?''

मामा विचारात पडले. मामी शेंगा फोडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, ''ह्यांच्यापासून लिव्हा.''

''आं?''

''मी रातीला दोनदा उठते. गाईकडं बघून येते. अंधारात आत येताना ह्यांच्या डोळ्याला चष्मा नसतोय. गेल्या आठवड्यात मला चोर समजून तांब्या फेकून मारला. हे बघा.'' त्यांनी कोपरावरचा काळानिळा डाग दाखवला. ''तांब्या व्हता म्हणून बसलेय हितं.''

बराच वेळ शेंगा फुटल्याचाच आवाज येत होता. मग मामांनी माझ्या हातातले पेन घेतले, त्याला टोपण लावले आणि ते माझ्या खिशाला अडकवून दिले.

सव्वा लाखाचा खर्च वाचला. त्यातल्या थोड्या पैशांत अंगणात आणि गोठ्यावर दिवे लागले. दाराला आतून लोखंडी अडणा बसला. शेजारच्या दोन वस्त्यांशी ठराव झाला, की एकाचा फोन वाजला तर तिघांनी निघायचे. आणि एक कुत्रे आले. गावठी, काळे, वजनाने 'निर्भीक'च्या वीसपट. त्याला परवाना लागत नाही, पाच वर्षांनी नूतनीकरण नाही, आचारसंहितेत जमा करावे लागत नाही आणि अंधारात ते मामींना बरोबर ओळखते. मामांनी त्याचे नाव 'प्रबळ' ठेवले आहे. लपवून मात्र ठेवता येत नाही; मी वळणावर दिसलो, की पन्नास मीटरवरूनच सुरू होते.