आठवड्याचा हिशेब

सावकाराची वही वर्षअखेरीस मिटते, किराणा दुकानदाराची महिनाअखेरीस. शिक्षकाची वही मात्र दर शनिवारी मिटावी, असे आमचे मत अलीकडे झाले आहे. हे मत आम्हांस कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या ग्रंथात सापडलेले नाही. राजुऱ्यासारख्या कडेच्या तालुक्यात पाचवी ते आठवीच्या मुलांस गणित शिकविता शिकविता, आणि त्यांना दर आठवड्यास एक पानाचे पत्र लिहिता लिहिता, ते हळूहळू बनले. आणि बनताना त्याने आमचीच कानउघाडणी पुष्कळ केली. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पत्र म्हणजे काही मोठे प्रकरण नव्हे. या आठवड्यात काय शिकविले, पुढील आठवड्यात काय शिकविणार, गृहपाठाची उदाहरणे कोणती, चाचणी कोणत्या वारी, आणि शेवटी अंकांची एखादी गंमत, इतकाच त्यातील मजकूर. २०२० च्या मार्च महिन्यात साथीमुळे शाळांना कुलुपे लागली, तेव्हा त्याचा आरंभ झाला. शिक्षण फोनवरून चालावे असे ठरले होते. परंतु घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप कोळशाच्या खाणीवर नाहीतर शेतावर. शिवाय जंगलालगतच्या गावांत फोन असला तरी तो बोलेलच याची शाश्वती नाही. तेव्हा आम्ही कागदाची वाट धरली. शनिवारी एक पान हाताने लिहावयाचे, त्याच्या झेरॉक्स प्रती काढावयाच्या आणि गावोगावच्या पिठाच्या चक्कीवर ठेवावयाच्या. फोन नसलेली घरे पुष्कळ, परंतु दळण नसलेले घर कोठून असणार? मूल दळणाचा डबा घेऊन येई, पिठाबरोबर पत्र घेऊन जाई, आणि पुढील खेपेस त्याच कागदाच्या पाठीवर उत्तरे लिहून ठेवून जाई. पिठाने माखलेले ते कागद तपासताना आमची बोटे पांढरी होत. खडूची सवय असल्यामुळे त्याचे काही वाटले नाही.

शाळा पुन्हा भरू लागल्यावर पत्र बंद करावे असे मनात आले होते. परंतु आमच्याकडे दिवाळीची आणि उन्हाळ्याची अशा दोन सुट्ट्या सरकार देते, आणि तिसरी कापूस देतो. बोंडे फुटली की वर्गातील बाके एकेक करून रिकामी होऊ लागतात. त्या रिकाम्या बाकांसाठी पत्र चालू राहिले.

आता या पत्राचे वाचक कोण, हे सांगितले पाहिजे. राजुरा हा वर्धा नदीपलीकडचा, तेलंगणास लागून असलेला मुलूख. शाळेत मराठी, बाजारात मराठी आणि तेलुगू, पाड्यांवर गोंडी आणि कोलामी, खाणींच्या वसाहतींत हिंदी, असा येथला संसार आहे. आम्ही पहिल्या पत्रांत संख्या अक्षरांत लिहिण्याची हौस केली. 'एकोणसाठ' असे लिहिले असता तेलुगू बोलणाऱ्या घरातील एका मुलाने ते ६१ समजून सगळे उदाहरण सोडविले, आणि समजल्याप्रमाणे बिनचूक सोडविले. त्याला शब्दात एक दिसला, साठ दिसला. दोहोंची त्याने बेरीज केली. एक उणे साठ हे त्यास कोणी सांगितले होते? त्याच्या घरी एकवीस म्हणावयाचे तर 'इरवै ओकटि' म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग एक. आपली मराठी आधी एक म्हणते, मग वीस; आणि लिहिताना मात्र आधी दोन लिहावयास लावते.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीस 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गलबला उडाला होता हे वाचकांस स्मरत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगलाताई नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची मुलांस पडणारी अडचण परोपरीने समजावून सांगितली. तरी थट्टाच फार झाली. त्या थट्टेत आम्हीही हसून सामील झालो होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. त्या मुलाचा ६१ पाहिल्यावर आमचे हसू मावळले. जुन्या नावांवरील आमचे प्रेम कमी झालेले नाही. परंतु पत्रात संख्या आता अंकांत लिहितो, आणि अवघड नाव आले की ते फोडून दाखवितो.

पत्रातील शेवटच्या गंमतीनेही एकदा आम्हांस चांगलाच धडा दिला. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा चमत्कार जगापुढे मांडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे असू नयेत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडावे, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडावे, आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. फार तर सात वेळा वजाबाकी करावी लागते, आणि उत्तर ६१७४ येऊन तेथेच थांबते. शाळेतल्या एका मास्तराने काढलेली ही गोष्ट १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात लिहिली आणि जगभर गेली. ज्या धंद्यात आम्ही आहोत त्याच धंद्यातील हा माणूस, म्हणून त्याचे नाव पत्रात घालताना आम्हांस थोडा अभिमानही वाटला.

उदाहरणासाठी आम्ही राजुऱ्याचीच साले घेतली. निजामाच्या राज्यातून सुटून हैदराबाद संस्थानासह हा तालुका भारतात आला तो १९४८ च्या सप्टेंबरात. १९५६ साली आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तो नांदेडास जोडला गेला. आणि १९५९ साली चांद्यास, म्हणजे आजच्या चंद्रपुरास, आला. आता १९४८ घ्या: ९८४१ वजा १४८९ बरोबर ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. १९५९ घेतले तरी ९९५१ वजा १५९९ म्हणजे तेच ८३५२, आणि पुन्हा तोच मुक्काम. १९५६ मात्र थोडे वळण घेऊन जाते: आधी ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. ही वजाबाकी एका चक्कीवर मोठ्याने वाचली जात असता, निजामाच्या अमदानीत उर्दूतून चार बुके शिकलेला एक म्हातारा तेथे बसला होता. त्याने ही तिन्ही साले डोळ्यांनी पाहिलेली. तो म्हणाला, "राज कोणाचंही येवो जी, वजा करत गेलं का तिथंच पोचते." या एका वाक्यात कापरेकरांचे गणित आणि राजुऱ्याचा इतिहास दोन्ही आले, असे आम्ही त्या रात्री घरी सांगत सुटलो होतो.

परंतु या गोष्टीतील महत्त्वाचा भाग आमच्या ध्यानात आला नाही. पत्र चक्कीवर मोठ्याने वाचले जात होते. आम्ही मुलांस लिहीत होतो, आणि ऐकत सारा गाव होता.

२०२२ च्या हिवाळ्यात आम्ही पत्रात एक नवे सदर सुरू केले. 'ज्यांचा गृहपाठ आला नाही' असा मथळा, आणि त्याखाली नावे. हेतू चांगला होता, असे प्रत्येक चूक करणारा म्हणतो, म्हणून आम्ही ते म्हणत नाही. सातवीतील एका मुलीचे नाव लागोपाठ तीन शनिवार त्या यादीत आले. चौथ्या आठवड्यात तिच्या गावच्या मुलांनी निरोप आणला की, ती आता शाळेत येणार नाही.

आम्ही रविवारी तिच्या गावी गेलो. मायलेकी शेतावर होत्या. कमरेला ओटी बांधून कापूस वेचीत होत्या. आईने आम्हांस पाहून डोईवरचा पदर सारखा केला, धुऱ्यावर बसावयास सांगितले, पाणी दिले. रागाचा एक शब्द काढला नाही. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "पोरीचं नाव चक्कीवर वाचतेत जी, सर. तीन खेपा वाचलं. तिच्या बापानं ऐकलं. मंग म्हणे, असं नाव निघण्यापरीस घरीच राह्यलेलं बरं." यावर आम्हांस काही उत्तर सुचले नाही. सावकार तगाद्यास येतो तोदेखील दारात उभा राहून हळू बोलतो. आम्ही एका बारा वर्षांच्या मुलीचा तगादा चव्हाट्यावर लावला होता, आणि तोही ती कोठे आहे याची चौकशी न करता.

मुलगी इतका वेळ खाली मान घालून उभी होती. निघताना तिने ओटीतून घडी घातलेला कागद काढून दिला. मागल्या शनिवारचेच पत्र. त्यात आम्ही परिसराशी जुळते म्हणून मोठ्या ऐटीने एक उदाहरण घातले होते: एका बाईने चार दिवसांत ४२, ३८, ४५ आणि ३५ किलो कापूस वेचला, दर किलोस ८ रुपये, तर मजुरी किती? आमचे उत्तर १६० किलोंचे १२८० रुपये. मुलीने कागदाच्या पाठीवर १२४८ लिहिले होते. आम्ही सवयीप्रमाणे म्हणालो, "बाळ, बेरीज पुन्हा करून पाहा." ती म्हणाली, "बेरीज बरोबर हाय, सर. गणित चुकलं. काटेवाला दर गाठोड्यामागं एक किलो कापते. फडक्याचं वजन म्हणते."

चार दिवसांचे चार किलो गेले; उरले १५६, आणि त्यांचे १२४८. परंतु ती एवढ्यावर थांबली नव्हती. खाली आणखी दोन ओळी होत्या. तिने रिकामे फडके चक्कीवरच्या काट्यावर ठेवून पाहिले होते. ते भरले ४०० ग्रॅम. म्हणजे दररोज ६०० ग्रॅमचा कडता फुकटचा; चार दिवसांत २ किलो ४०० ग्रॅम; ८ रुपयांप्रमाणे १९ रुपये २० पैसे. दशांश अपूर्णांकांचा गुणाकार आम्ही त्याच महिन्यात वर्गात शिकविला होता, आणि ती त्या तासांस हजर नव्हती. पत्रातील चार ओळींवरून तिने तो उचलला होता. गृहपाठ आला नाही म्हणून जिचे नाव आम्ही गावभर वाचून दाखविले, तिचा गृहपाठ असा ओटीत, कापसाखाली, पडून होता. तो पोचविण्यास तिला दिवस मोकळा मिळाला नव्हता इतकेच.

पुढील शनिवारचे पत्र लिहिणे आम्हांस फार जड गेले. 'गृहपाठ आला नाही' हे सदर काढून टाकले, आणि त्या जागी सर्वांत वर 'आमची चूक' असे नवे सदर घातले. त्यात लिहिले की, मागील पत्रातील कापसाचे उदाहरण चुकीचे होते, कारण लिहिणाऱ्याने काटा पाहिलेला नव्हता. एका विद्यार्थिनीने ते दुरुस्त केले आहे. आणि नावांची यादी छापली तीही चूकच होती, तीबद्दल क्षमा असावी. खाली दुरुस्त उदाहरण त्याच्या १९ रुपये २० पैशांसकट दिले. मुलीचे नाव घातले नाही. नाव घालण्याचा हक्क आम्ही गमावला होता. तरी चक्कीवर ते कोणाचे, हे कळल्यावाचून राहिले नाही. आणि या खेपेस ते कळल्याचे तिच्या बापास वाईट वाटले नसावे, कारण जानेवारीच्या अखेरीस वेचणी सरत आली तेव्हा तो स्वतःच तिला शाळेच्या फाटकापर्यंत आणून सोडून गेला.

काटेवाल्याचा कडता सुटला काय, असे वाचक विचारतील. सुटला नाही. परंतु त्या आठवड्यात गावातील काही बायांनी आपापली रिकामी फडकी चक्कीवर तोलून पाहिली, एवढे मात्र चक्कीवाल्याने आम्हांस सांगितले. गणिताच्या शिक्षकाने याहून अधिक हाव धरू नये.

सुरुवातीस आम्ही म्हटले की शिक्षकाची वही दर शनिवारी मिटावी. त्या वहीत येणे कोणाकडे आणि देणे कोणास, याविषयी आमची समजूत मात्र उलटी होती. मुलांकडून गृहपाठ येणे आहे, उत्तरे येणे आहेत, हजेरी येणे आहे, असे आम्ही धरून चाललो होतो. त्या शेताच्या धुऱ्यावर कळले की, देणेकरी आम्ही आहोत, आणि मुले इतकी भिडस्त की तगादाही करीत नाहीत.

असो. 'आमची चूक' हे सदर तेव्हापासून चालू आहे, आणि त्यास मजकुराची टंचाई कधी पडली नाही. आज शनिवार. झेरॉक्सचे दुकान सहापर्यंत उघडे असते. या आठवड्यास काय लिहावयाचे तेही ठरले आहे: गुरुवारी सहावीच्या फळ्यावर आम्ही दशांशचिन्ह एक घर चुकून दिले, मागल्या बाकावरील एका मुलाने हात वर केला होता, घंटा होण्यास दोनच मिनिटे होती, म्हणून तो हात आम्ही पाहून न पाहिल्यासारखा केला. त्या मुलाचे उत्तर बरोबर होते.