सर्व्हरचा नित्यनेम

ग्रंथालयासाठी ‘कोहा’ हे सॉफ्टवेअर बसवायला मी पन्नाशीनंतर शिकले. न्यूझीलंडमध्ये तयार झालेले हे सॉफ्टवेअर २००० साली सर्वांसाठी खुले झाले. पुस्तकांच्या नोंदी एकाच सर्व्हरवर असतात; वर्गातले संगणक ब्राउझरमधून त्या मागवतात. म्हणून सर्व्हरचा आयपी पत्ता कायम ठेवायचा, नाहीतर इतरांना तो सापडत नाही.

बसवणे दोन दिवसांचे, सांभाळणे रोजचे. रात्री घेतलेला बॅकअप दुसऱ्या डिस्कवर ठेवून, महिन्यातून एकदा वेगळ्या संगणकावर चालवून पाहायचा. न तपासलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली शिल्लक! तुमच्या आजी-आजोबांनी शाळेला दिलेल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी त्यात आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, मी लवकरच निवृत्त होईन. नववीतल्या निदान दोघांनी हे काम शिकून घ्यावे. वही तयार आहे.