यथाह कात्यायनः : एका हरवलेल्या ग्रंथाच्या तळटिपा

समाजमाध्यमांवर मराठ्यांच्या इतिहासाविषयी एखादा दावा वाचावा, तर त्याखाली पुष्कळदा दोनच शब्द असतात : ‘संदर्भ : राजवाडे’. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे ही माला बावीस खंडांपर्यंत गेली. त्यांपैकी कोणता खंड, त्यातले कितवे पत्र, हे न सांगता दिलेला संदर्भ म्हणजे पाहुण्याला ‘कोकणात या, घर सापडेल’ असे कळवण्यासारखे आहे. राजवाड्यांनी पत्रांना लेखांक दिले ते याचसाठी. आवृत्ती बदलली की पृष्ठांक बदलतो, लेखांक बदलत नाही.

आजचा धागा संदर्भ देण्याच्या रीतीविषयी आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु एक संपूर्ण ग्रंथ नष्ट होऊनही केवळ इतरांनी दिलेल्या संदर्भांमुळे आपल्या हाती कसा आला, याची ही हकिकत आहे आणि ती परत आणणारा माणूस आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातला होता.

पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० सालचा, चिपळूणजवळचा. शालेय शिक्षण दापोलीला झाले, काही काळ त्यांनी रत्नागिरीच्या सरकारी शाळेत अध्यापन केले आणि पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केलेला त्यांचा ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ पाच खंडांचा असून त्याची पृष्ठे सहा हजारांहून अधिक आहेत. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले. हे बहुतेकांना ठाऊक असते. त्या खंडांच्या तळटिपा मात्र फार थोडे वाचतात. वर इंग्रजीत विधान, खाली मूळ संस्कृत वचन, ग्रंथाचे नाव आणि स्थळ. काण्यांवर विश्वास ठेवण्याची गरजच उरू नये, अशी ती व्यवस्था आहे. वाचकाने वचन पाहावे आणि हवे तर काण्यांशी भांडावे.

आता कात्यायनाकडे वळू. न्यायव्यवहार आणि विशेषतः स्त्रीधन या विषयांवर कात्यायनाची स्मृती हा प्राचीन भारतातला मोठा आधार होता. स्त्रीधनाचे प्रकार कोणते, त्यावर हक्क कोणाचा, या चर्चेत पुढचे बहुतेक निबंधकार त्याच्याकडे जातात. पण या स्मृतीची संपूर्ण पोथी कोठेही सापडलेली नाही. उरली आहेत ती ‘यथाह कात्यायनः’ असे म्हणून इतरांनी उद्धृत केलेली वचने : मिताक्षरेत, स्मृतिचंद्रिकेत, पराशरमाधवीयात आणि अपरार्कात. (अपरार्क म्हणजे उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य. बाराव्या शतकात कोकणात राज्य करता करता याज्ञवल्क्यस्मृतीवर भली थोरली टीका लिहिणारा हा राजा आपल्या पाठ्यपुस्तकांत का नाही, हा निराळ्या धाग्याचा विषय.)

या मंडळींच्या संदर्भपद्धतीत अध्याय नाही, श्लोकांक नाही, केवळ नाव. तेवढ्या नावावरून काण्यांनी विखुरलेली वचने वेचली, विषयवार लावली, प्रत्येक वचन कोणत्या निबंधात आले आहे आणि कोठे पाठ वेगळा आहे हे नोंदवले, आणि १९३३ साली व्यवहारविषयक कात्यायनस्मृती प्रसिद्ध केली. नऊशेहून अधिक श्लोक. निबंधकारांनी कात्यायनाचे म्हणणे आपलेच म्हणून लिहून टाकले असते, तर आज कात्यायन हे नावापुरतेही उरले नसते.

काण्यांना या गोष्टीचे मोल ठाऊक असण्याचे एक कारण त्यांच्या वकिलीत असावे, असे मला वाटते. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात हिंदू वारसाहक्काचे खटले चालत, तेव्हा कोणत्या प्रदेशात कोणता ग्रंथ प्रमाण हे ठरलेले असे. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मिताक्षरा आणि नीलकंठभट्टाचा ‘व्यवहारमयूख’ यांत मतभेद असला, तर मयूख वरचढ. रत्नागिरीत मिताक्षरा श्रेष्ठ. मयूखात आजीनंतर लगेच बहिणीला वारसा सांगितला आहे. मिताक्षरेत तिचा असा स्पष्ट उल्लेख नाही. म्हणजे ग्रंथाचे नाव आणि त्यातले स्थळ यांवर एखाद्या बाईच्या घरादाराचा निकाल अवलंबून असे. तो मयूख काण्यांनी १९२६ साली संपादित केला होता. अशा माणसाला तळटीप ही शोभेची वस्तू वाटणे शक्य नव्हते.

हे सारे आज सांगण्याचे निमित्त असे की स्त्रीधनावरचा माझा शोधनिबंध एका नियतकालिकाने ‘संदर्भ आमच्या पद्धतीत बसवून पाठवा’ या सूचनेसह परत पाठवला आहे. त्यांची पद्धत लेखक-वर्ष, म्हणजे कंसात आडनाव आणि प्रकाशनाचे साल. ही रीत हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क याने १८८१ साली कवच नसलेल्या गोगलगायीच्या अंड्यांवरील लेखात वापरली आणि तेथून ती रूढ झाली, असे मानतात. विज्ञानात ती सोयीची आहे. प्रयोग कालचा की चाळीस वर्षांपूर्वीचा, हे वाचकाला तत्काळ कळावे लागते. परंतु माझ्या निबंधात ‘(काणे, १९३३)’ असे लिहिले, की स्मृतीकार, त्याला उद्धृत करणारा शिलाहार राजा आणि वेचणारा संपादक हे तिघे एका कंसात चिरडले जातात. वचन काण्यांचे नाही. ते कात्यायनाचे आहे, हेही आपण अपरार्काच्या साक्षीवरून म्हणतो.

म्हणून मी सूचीचे दोन भाग केले आहेत. पहिला मूळ साधनांचा. त्यात ग्रंथनामाचे संक्षेप आहेत, आणि लेखात पृष्ठांकाऐवजी श्लोकांक किंवा लेखांक दिला आहे. दुसरा भाग आधुनिक लेखनाचा. तेथे लेखक-वर्ष खुशाल चालावे. कात्यायनाचा संदर्भ आता असा दिसतो : ‘कात्यायन (काणे-संपादित, १९३३)’, पुढे श्लोकांक, आणि त्यापुढे ‘अपरार्कात उद्धृत’. अपरार्काची आनंदाश्रमाची छापील आवृत्ती (पुणे, १९०३-०४) मी स्वतः पाहिली, तेथे तिचा पृष्ठांक जोडला. जेथे पाहिली नाही, तेथे ‘काण्यांवरून’ एवढेच लिहिले. या शेवटच्या शब्दाची लाज बाळगू नये. न पाहिलेली पोथी पाहिल्यासारखी दाखवली, तर मधल्या माणसाची चूक आपल्या नावावर जमा होते, आणि ती कोठे शिरली हे पुढच्याला शोधता येत नाही.

संदर्भ लावणाऱ्या संगणक-प्रणालीला हे पटत नाही. ती नीलकंठभट्टाला ‘भट्ट, नी.’ करते आणि कात्यायनाचे आडनाव मागते. ती जागा भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. मी ‘कात्यायन’ हेच आडनाव म्हणून लिहिले आणि नावाच्या चौकटीत एक टिंब दिले. संपादकांना स्वतंत्र पत्रात कारण कळवले आहे. त्यांचे उत्तर यायचे आहे.